पणजीचा गुत्ता

(बीड इथल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



दारूबंदीच्या मोर्च्यांत माझ्याबरोबर चाललेल्या अनेकजणी आज समोर बसल्या आहेत. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी लपवली नव्हती, मलाच माहीत नव्हती. माझ्या वडिलांची आजी, म्हणजे माझी पणजी, सिंदफणेच्या काठच्या आमच्या गावात शिंदीचं दुकान चालवायची.

घरात "आपलं पेठेत दुकान होतं" एवढंच सांगत. कसलं, ते कुणी बोलत नसे. वडील गेल्यावर मी आत्याला विचारलं. ती आता पंच्याऐंशीची आहे. ती म्हणाली, "कसलं म्हंजे? गुत्ता होता गं. आजी बसायची गल्ल्यावर."

आपण दारूच्या अड्ड्याला गुत्ता म्हणतो. मराठवाड्यात गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. निजामाच्या राज्यात अबकारीचं उत्पन्न फार मोठं होतं. दारू-शिंदीच्या मक्त्याचा हर्रास व्हायचा, जास्त बोली लावील तो गुत्तेदार. त्याच्या हाताखाली गावोगावची लहान दुकानं. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाला छेद देऊन मडकं बांधायचं. पहाटेचा रस गोड असतो, ऊन चढलं की तो आंबतो आणि चढतो. पिणारा गडी गावचा, पैसा मात्र हैद्राबादला.

आत्याच्या बोलण्यावरून मी कागद शोधायला लागले. आधी तहसिलीत १९५४-५५ची खासरा पाहणी बघितली. त्यात आजोबांचं नाव होतं, दुकानाची जागा होती, पणजी कुठेच नव्हती. पुढे २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर जुनी दप्तरं उघडली. कुठली कागदपत्रं तपासायची त्या यादीत उत्पादन शुल्क खात्याची ताडी नोंदवहीही होती. ते वाचून मी उठलेच! लोक जातीचा पुरावा शोधत होते, मी एक बाई शोधत होते.

नोंदी उर्दूत. उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी माझ्यासोबत आले. त्यांनीच शिकवलं, फसली सालात ५९० मिळवायचे. तिसऱ्या खेपेला ओळ सापडली. साल फसली १३४१, म्हणजे १९३१-३२. गावाचं नाव, चाळीस झाडं, हप्त्याची रक्कम. पुढे 'बेवा', आणि पणजोबांचं नाव. बेवा म्हणजे विधवा. गुरुजींनी ओळ दोनदा वाचली. तिचं स्वतःचं नाव त्यात नव्हतंच. झाडं मोजली होती, पैसे मोजले होते, हप्ता भरणारी बाई मात्र मेलेल्या नवऱ्याच्या नावानं ओळखली जात होती.

नाव सापडलं ते आत्याच्या माळ्यावर. शिंदी मोजायचं पितळी माप होतं, त्याच्या काठावर टोचून नाव घातलेलं. सरकारी दप्तरानं ठेवलं नाही ते भांड्यानं ठेवलं. ते नाव मी आज इथे घेत नाही. घरातली मोठी माणसं अजून तयार नाहीत, त्यांना लाज वाटते. त्यांचा होकार आला की मी ते इथेच येऊन सांगेन.

आणखी एक ऐका. १९४७ साली निजामाचं उत्पन्न बुडवायचं म्हणून मराठवाड्यात सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. आमचे आजोबा त्यात होते, हे घरात अभिमानानं सांगतात. मलाही तो अभिमान आहे. पण ती झाडं पणजीच्या मक्त्यातली होती, हे कुणी सांगत नाही. आत्या तेव्हा सात वर्षांची. म्हणाली, "त्या रातीला आजीनं चूल पेटवली न्हाई. बापाला मात्र काई बोलली न्हाई."

आता तुम्ही विचाराल, मग दारूबंदीचं काय? शिंदी विकणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पणजीच्या दुकानातून उठून घरी जाऊन बायकोला मारणारे गडी असणारच. त्या बायकांच्या नोंदी तर कुठल्याच वहीत नाहीत. १९९२ साली आंध्रात नेल्लोरच्या बायका उठल्या आणि पुढच्या वर्षी तिथे अरक बंद झाला, ते आपलंच बळ आहे. बाटली आडवी करण्यासाठी मी उद्याही मत मागत फिरेन.

पण काही वर्षांपूर्वी आपण एका वस्तीवर हातभट्टीची मडकी फोडली, ते आठवतं? तिचा नवरा ऊसतोडीला गेला असताना ट्रॅक्टरखाली सापडून मेला होता. आपण घोषणा देत परत आलो. पोलिसांनी तिला नेलं. माल पुरवणारा मात्र तसाच राहिला. ती पण बेवाच होती. तिचं नाव आपल्या अहवालात आहे का? मी काढून पाहिलं. 'दारू विकणारी महिला' एवढंच लिहिलंय, आणि ते माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. एक, आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा, मग दप्तरात जा. माळ्यावरची भांडी उतरवून काठ वाचा. मुसम्मात, जौजे, भ्रतार, बेवा असे शब्द दिसले की तिथे थांबा, त्यांच्याआड एक बाई असते. दुसरी, यापुढे दुकान बंद करायला जाल तेव्हा विकणाऱ्या बाईचं नाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी तिची चूल कशी पेटणार हेही ठरवूनच जा.

मी त्या वस्तीवर परत गेले होते. तिनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.