पोवळ्याच्या पोटातली कलमं आणि कोयी



हापूस आपण कोयीपासून वाढवत नाही. रायवळाच्या खुंटावर कलम बांधतो, म्हणजे फळ मूळ झाडासारखंच मिळतं. कोय रुजवली, तर आंबा कसा निघेल ते पहिलं फळ चाखेपर्यंत कळत नाही. समुद्रात एक जीव या दोन्ही रीतींनी वाढतो, आणि त्यातली दुसरी रीत त्यानं फार काळ दृष्टीआड ठेवली.

प्रवाळाच्या, म्हणजे पोवळ्याच्या, पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल, हाच तो जीव. एकेक पेशी जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. ती उन्हावर साखर तयार करते आणि प्रवाळाचं बरंचसं पोट त्यावर भरतं. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त, आणि आठवडेच्या आठवडे तापला, की ही सोबत तुटते. प्रवाळ पांढरंफटक पडतं. आपल्या मालवणच्या समुद्रानंही हे पाहिलंय.

प्रवाळात शिरल्यावर हे शैवाल एकाचे दोन, दोनाचे चार असं वाढतं. निव्वळ कलमं! कॅरिबियन समुद्रातल्या एल्कहॉर्न प्रवाळाची जनुकं तपासली, तेव्हा बहुतेक वसाहतींत शैवालाचा एकेकच वाण निघाला.

मग कोय कुठे? 1962 साली या शैवालाला शास्त्रीय नाव मिळालं, तरी त्याचा संकर डोळ्यांनी दिसेना. पण वेगवेगळ्या वाणांतली जनुकं पत्त्यांसारखी पिसलेली दिसत होती, आणि गुणसूत्रं अर्धी करणाऱ्या विभाजनाची जनुकंही त्याच्याजवळ होतीच. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालात, एकमेकींत मिसळणाऱ्या पेशींच्या जोड्या आणि चार-चार पेशींचे पुंजके दिसले. मला हा क्षण फार मोठा वाटतो.

कलमही अगदी गोठलेलं नसतं, बरं का. या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. एखादं जनुक बदललं, तर त्याला झाकायला दुसरा जोडीदार नाही. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी असं शैवाल चार वर्षं 31 अंशांच्या पाण्यात वाढवलं. त्यातल्या काही वाणांनी प्रवाळाच्या अळ्यांना उष्णता सोसायला बळ दिलं.

पण प्रयोगशाळेच्या काचेत किती वाण मावणार? समुद्रात चाललेल्या जनुकांच्या पिसणीवर माझी जास्त भिस्त आहे. कारण पुष्कळ प्रवाळांच्या अळ्यांना आईकडून शैवाल मिळतच नाही. त्या पाण्यात तरंगतात, तळ शोधतात, आणि भोवती जे शैवाल भेटेल, त्यातूनच आपला सोबती घेतात.