'रन' म्हणजे केवळ धावणे नव्हे



इंग्रजीतील 'रन' या शब्दाचा अर्थ विचारला, तर पाचवीतला मुलगाही 'धावणे' असे चटकन सांगेल. उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या २० खंडी कोशात सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे कोशाची सुधारणा चालू असता, २०११ साली, 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे प्रसिद्ध झाले. इतके अर्थ कोण पाठ करणार? आणि का करावेत?

आपल्या करमाडच्याच परिसरात पाहा. 'द ट्रेन इज रनिंग लेट' म्हणजे गाडी उशिरा धावत आहे. 'धिस रोड रन्स टु जालना' म्हणजे हा रस्ता जालन्याला जातो. 'ही रन्स अ शॉप' म्हणजे तो दुकान चालवतो. उन्हाळ्यात 'द वेल हॅज रन ड्राय' म्हणजे विहीर आटली. शब्द एकच, सोबतीचा शब्द बदलला की अर्थ बदलतो.

यात नवल काहीच नाही. मराठीत माणूस चालतो, घड्याळ चालते, शाळा चालते, कोर्टात खटला चालतो आणि चहा नसला तर दूधही चालते! उर्दूत तर 'हवा चलती है' आणि 'सिक्का चलता है'. आपली भाषा जिथे चालते, तिथे इंग्रजी पुष्कळदा धावते, एवढेच. घरची भाषा उत्तम जाणणाऱ्या मुलाला ही युक्ती आधीच अवगत असते. म्हणूनच मातृभाषेतून शिकणारी मुले इंग्रजीत मागे पडणारच, हा समज मनातून काढून टाका.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. उद्या आपलाच मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात यंत्रापाशी उभा असेल. समोर पाटी असेल, 'डू नॉट रन द मशीन विदाउट गार्ड'. 'रन' म्हणजे धावणे आणि 'गार्ड' म्हणजे पहारेकरी, एवढेच पाठ असेल तर तो गोंधळेल. यंत्रावरील संरक्षक झाकण बसविल्याखेरीज यंत्र चालू करू नये, असा त्याचा अर्थ. तिथे चुकीच्या अर्थाची किंमत बोटांनी मोजावी लागते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, वहीचे एक पान एका क्रियापदाला द्या. सुटा शब्द लिहू नका. संपूर्ण वाक्य लिहा व शेजारी आपल्या भाषेतील वाक्य लिहा. रोज एक वाक्य पुरे.

आणि मातांनो, पित्यांनो, आपणांस इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. रात्री जेवण झाल्यावर ती वही उघडायला सांगा आणि एकच विचारा, "आपल्यात याला काय म्हणतात?" मुलीलाही विचारा, मुलालाही विचारा. एवढी तालीम प्रत्येक घरात देता येण्यासारखी आहे.