दिसतंय ते सांग

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी आत्ता सांगितलं की नातेपुत्याचा हा मुलगा समुद्रावर गेला. त्यावर मागून कुणीतरी विचारलं, "पोहायला कुठं शिकला?" आवाज ओळखला बरं का! अरे, तुझ्याच मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. तो डबा दोराला बांधून पाण्यावर सोडला की जागेवर डुलत राहायचा. पुढं नोकरीतली शेवटची नऊ वर्षं मी मुलांना अशाच डुलणाऱ्या डब्यांची ओळख शिकवली. फक्त ते डबे लोखंडाचे आणि दोन माणसांच्या उंचीचे. त्यांना बोया म्हणतात.

बावीस वर्षं मी व्यापारी जहाजांवर होतो. मग नवी मुंबईकडच्या एका संस्थेत नव्या खलाशांना शिकवायला लागलो. सहा महिन्यांचा कोर्स. मुलं कुठली? निम्मी आपल्यासारखी, दुष्काळी भागातली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ॲडमिशनच्या दिवशी.

भर समुद्रात रस्ता नसतो. पण बंदराजवळ जहाजाला गाळ काढलेल्या खोल पाण्यातूनच जावं लागतं आणि त्या वाटेच्या दोन्ही कडांना बोये असतात. बंदरात शिरताना आपल्याकडं लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. बाहेर पडताना बाजू उलट. अमेरिका खंडात, जपानमध्ये, फिलिपिन्समध्ये हे रंगच उलटे. तिथं शिरताना लाल उजवीकडं. म्हणून नुसता रंग पाठ करून भागत नाही. शिरताना डाव्या हाताचा बोया डब्यासारखा सपाट डोक्याचा, उजव्या हाताचा शंकूसारखा निमुळता, हा आकारही बघायचा.

आपल्याकडच्या मुलांना हे मी पालखीवरून सांगायचो. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला यायची, त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसायची. एखादी म्हातारी दिंडीतून चुकायची आणि विचारायची, "बाळा, आमची दिंडी कुठं?" "पताका कशी आहे?" म्हटलं तर म्हणायची, "भगवी!" सगळ्याच भगव्या! मग आपण विचारायचो, आजी, रथाच्या पुढची का मागची, नंबर काय, विणेकरी कोण. तीन-चार खुणा जुळल्या की म्हातारी बरोबर पोचायची. बोयाचंही तसंच आहे. रंग, आकार, डोक्यावरची खूण, रात्री दिव्याची उघडझाप, आणि नकाशावरची जागा. एवढं जुळलं तरच तो बोया ओळखला म्हणायचा.

खडकाच्या किंवा उथळ जागेच्या चार दिशांना लावायचे काळे-पिवळे बोये मुलांना सगळ्यात अवघड जात. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन शंकू. दोन्ही टोकं वर म्हणजे उत्तर, दोन्ही खाली म्हणजे दक्षिण. बुडाला बूड लावलं की शंकरपाळीसारखं दिसतं, ती पूर्व. टोकाला टोक म्हणजे डमरू, ती पश्चिम. शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या वाटेवर वाढलेला मुलगा डमरू विसरत नाही. आणि रंगासाठी एकच ओळ: टोक जिकडं, काळा तिकडं. उत्तरेच्या बोयाचा काळा पट्टा वर, दक्षिणेचा खाली, पूर्वेला वर-खाली काळा आणि मध्ये पिवळा, पश्चिमेला मध्ये काळा. रात्री घड्याळ आठवायचं. पूर्वेला तीन चमका, दक्षिणेला सहा आणि शेवटी एक लांब, पश्चिमेला नऊ, उत्तरेला न थांबता. बोयाला जी दिशा, त्या बाजूनं जहाज काढायचं.

हे एवढं कशासाठी, ते मी पहिल्याच तासाला सांगत असे. जानेवारी १९७१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत 'टेक्साको कॅरिबियन' नावाचं जहाज टकरीत बुडालं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या सांगाड्यावर आदळून 'ब्रँडेनबर्ग' बुडालं. मग तिथं धोक्याच्या खुणा लावल्या. तरी फेब्रुवारी संपायच्या आत 'निकी' हे तिसरं जहाज त्याच ठिकाणी जाऊन बुडालं. तिन्ही मिळून ५१ माणसं गेली. त्या काळी जगात बोयांच्या तीसहून जास्त पद्धती होत्या, काही तर एकमेकींच्या अगदी उलट. १९८० मध्ये देशादेशांनी मिळून एक पद्धत ठरवली. तीच आज मी तुम्हाला सांगितली.

आता आपल्या भूगोलाच्या सरांकडं वळतो. सर समोरच बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. नववीत तुम्ही आम्हाला शिंगणापूरच्या डोंगरावर नेलं होतं. खाली काहीतरी चकाकत होतं. तुम्ही विचारलं, ते काय? मी छाती काढून म्हणालो, "नीरेचा कालवा!" तो निघाला कुठलासा पाझर तलाव. तुम्ही मारलं नाही. एवढंच विचारलं, "दिसलं म्हणून सांगतोस, का ठोकून देतोस?" सगळा वर्ग हसला. मला राग आला होता.

तेच वाक्य मी नऊ वर्षं नव्या मुलांना विचारत आलो. लुकआउटवर उभ्या राहिलेल्या मुलानं "बोया दिसला" म्हणायचं नाही. "उजवीकडं लाल दिवा, दर पाच सेकंदाला एकदा" असं म्हणायचं. तो कुठला बोया, ते नकाशा बघून वरचा अधिकारी ठरवील. दिसतंय ते सांग, वाटतंय ते नको.

आता ज्या मुलासाठी आज बोलायला उभा राहिलो, त्याच्याबद्दल सांगतो. त्याचं नाव-गाव सांगत नाही. आपल्यासारख्याच कोरडवाहू भागातला होता. वर्गात पहिला. आकार कधी चुकला नाही, चमका मोजण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा संध्याकाळी लाँचमधून मुलांना मुंबई बंदरात नेलं. मागं शहराचे हजार दिवे, त्यातून बोयाचा दिवा शोधायचा. त्यानं एका पांढऱ्या दिव्याला हिरवा म्हटलं. मला वाटलं, गडबडला असेल. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी त्याला वर्गात अंधार करून बसवलं, टॉर्चला रंगीत काचा लावल्या आणि विचारत गेलो. निम्मी उत्तरं चुकली.

मग तो रडायला लागला. रंगदृष्टीच्या तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्यानं आधीच पाठ केले होते. वडिलांनी अर्धा एकर विकून फी भरली होती. म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं ना, नुसत्या रंगावर विसंबू नका? मी बाकी चार खुणांवरून ओळखतो की. नका सांगू कुणाला."

खरं सांगतो, क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. मीच तसं शिकवलं होतं. मग त्याला म्हटलं, "बोया तू ओळखशील रे. पण रात्री समोरून जहाज येतं, त्याच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा. त्या दिव्यांना आकार नाही, चमका नाहीत, ते नकाशावरही नाहीत. तिथं रंगाशिवाय दुसरी खूण नाही. तुझ्या भरवशावर पंचवीस माणसं खाली झोपलेली असतात."

दुसऱ्या दिवशी मी लेखी कळवलं. पुन्हा तपासणी झाली आणि तो घरी गेला. फीचे थोडे पैसे परत मिळाले, जमीन परत मिळाली नाही. त्याच्या वडिलांचा फोन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, आधी कुणी का सांगितलं नाही?"

त्याला मी जहाजावरच्या स्वयंपाकाचा कोर्स सुचवला होता, कारण तिथं रंगदृष्टीची अट डेकइतकी कडक नसते. तो नको म्हणाला. आज त्याचं हायवेला छोटं हॉटेल आहे. गावाकडं येताना मी तिथं थांबतो. चहाचे पैसे घेत नाही, पण समुद्राचा विषय काढला की उठून गल्ल्याकडं जातो. मी चुकलो असं मला वाटत नाही. पण तो उठून गेला की चहा गोड लागत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, आई-वडील तर सगळेच आहेत. वडिलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात आहे. गावातल्या कुणा मुलाला मर्चंट नेव्हीत जायचं असेल, तर एक रुपया भरायच्या आधी डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. संस्थेला मान्यता आहे का तेही बघा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आणि तपासणीत काही उणं निघालं तर लपवू नका. नववीच्या वयात कळलं तर मुलगा दुसरी वाट धरतो. जमीन विकल्यावर कळलं तर घर बसतं.

सर, त्या दिवशी डोंगरावर तुम्ही "शाब्बास, कालवाच तो" म्हणून मला खूश केलं असतं, तर माझी चकाकणारं बघितलं की कालवा म्हणायची सवय तशीच राहिली असती. मग रात्रीच्या पहाऱ्यावर मीही ठोकूनच दिलं असतं. तेव्हा आलेला राग आज तुमच्या पायावर ठेवतो.

चार मिनिटं दिली होती, जास्तच घेतली. थांबतो.