नभोवाणी, आमची मुले आणि ‘आपला’ हा शब्द
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला की ‘चार शब्द’ बोलण्याचे काम एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे सोपवावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. त्या प्रथेस अनुसरून चिटणिसांनी आम्हांस पाचारण केले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. आम्ही निवडलेला विषय काहींस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आपल्या वसतिगृहातील सात मुलांनी आणि गावातील आपल्याच चार मुलींनी गेल्या हिवाळ्यात, दर रविवारी एकत्र बसून, जवळच्या सामुदायिक नभोवाणी केंद्रासाठी संगणकावर लहान लहान झलका तयार केल्या. तिकडील मंडळी त्यांस ‘प्रोमो’ म्हणतात. मुलांच्या संहिता तपासण्याचे काम आमच्याकडे होते. त्याच सुमारास ‘आपल्या समाजाचे स्वतंत्र नभोवाणी केंद्र असावे’ अशी एक सूचना मंडळापुढे आली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे, म्हणून दोहोंविषयी एकदमच बोलतो.

प्रथम झलक म्हणजे काय ते सांगावयास हवे, कारण दोघातिघा पालकांनी ‘पोरे अभ्यास टाकून गाणी कापत बसतात’ अशी तक्रार आमच्या कानांवर घातली आहे. केंद्र कोणते, ते कोणत्या अंकावर लागते, तेथे काय ऐकावयास मिळते, हे तीस सेकंदांत श्रोत्याच्या मनात ठसविणे, हे झलकेचे काम. तीस सेकंदांत सावकाश, स्पष्ट मराठी बोलले तर पन्नास-साठ शब्द मावतात. त्यात मागे थोडे संगीत यावयाचे, पुढे थोडा श्वास राहावयाचा. म्हणजे हाती उरतात चाळीस-पंचेचाळीस शब्द. दहावीचा विद्यार्थी ‘माझे गाव’ या विषयावर दोन पाने निबंध बिनदिक्कत लिहितो, परंतु तेच गाव चाळीस शब्दांत सांगा म्हटले की त्याची लेखणी अडखळते. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ हे पहिले तीन शब्द कोणी खोडले म्हणजे शिक्षण सुरू झाले असे आम्ही समजतो.

मुले ज्या साधनावर काम करीत होती त्याचे नाव ‘ऑडॅसिटी’. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी 1999 साली त्याची सुरुवात केली आणि 2000 च्या मे महिन्यात ते लोकांस खुले झाले. ते विनामूल्य मिळते, ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने त्याची मोठीच महती. पूर्वी आकाशवाणीच्या केंद्रांत ध्वनिफीत दाढीच्या पात्याने तिरकी कापून चिकटपट्टीने सांधीत असत. एकदा काप चुकला की निस्तरणे अवघड. आता पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, हवा तो भाग निवडून काढता येतो, आणि चुकल्यास एका खुणेने पूर्ववत करता येतो. संगणक एका सेकंदास आवाजाची 44,100 मोजमापे घेतो. तीस सेकंदांच्या एका झलकेत ती 13,23,000 होतात. गणितात नापास होण्याच्या बेतात असलेल्या एका मुलाने हा गुणाकार आम्हांस तोंडी करून दाखविला, याची नोंद त्याच्या वडिलांनी घ्यावी.

ध्वनिमुद्रणाची कला मात्र यंत्राच्या बाहेरची आहे. वसतिगृहाच्या कोठारात मुलांनी भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातील वारा त्यावर आदळत नाही. बोलण्याआधी पाच सेकंद सर्वांनी मुकाट्याने बसावयाचे. त्या शांततेत खोलीची जी सूक्ष्म घरघर मुद्रित होते तिचा नमुना यंत्रास दाखविला की ते तेवढी घरघर संपूर्ण मुद्रणातून वजा करते. हा उपाय बेताने करावा लागतो. अति केल्यास माणूस विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटतो. आवाज प्रमाणाबाहेर मोठा घेतला तर पडद्यावरील रेघेचे शेंडे छाटल्यासारखे सपाट होतात, आणि छाटले गेलेले मग कोणत्याही युक्तीने धड परत येत नाही. चित्रपटगीते परवानगीवाचून वापरता येत नाहीत, हे कळल्यावर मुलांनी जात्याची घरघर, बैलांची घुंगरे, एस. टी. स्थानकावरील गलबला, असे आवाज स्वतः गोळा केले. ही खटपट पाहिलेला कोणीही पालक तिला रिकामटेकडेपणा म्हणणार नाही.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

पहिल्या झलकेची संहिता वसतिगृहातील मुलांनी लिहून आणली, तिचा शेवट असा होता : ‘ऐकत राहा, आपल्या समाजाचा आवाज!’ वाक्य ठसकेबाज होते. चार मुलींपैकी सर्वांत लहान मुलीने विचारले, “गुरुजी, आपल्या समाजाचा म्हणजे कोणाचा?” मुलांनी उत्तर दिले, “आपला म्हणजे आपला.” त्यावर ती म्हणाली, “मग माझ्या मैत्रिणीने रेडिओ बंद करायचा का?” तिची मैत्रीण आपल्या ज्ञातीची नाही.

मराठीत ‘समाज’ या शब्दाची अशी मोठी गंमत आहे. मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर आपण ‘समाज’ लिहितो तेव्हा त्याचा अर्थ ज्ञाती असा असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तोच शब्द येतो तेव्हा त्यात सारे गाव असते. दोन्ही अर्थ आपापल्या जागी ठीक आहेत. नभोवाणीवर मात्र दुसराच अर्थ चालतो, आणि त्यास कायद्याचाही आधार आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. पुढे शिक्षणसंस्थांस केंद्रे काढण्याची मुभा मिळाली व 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. 2006 साली स्वयंसेवी संस्थांसही दार उघडले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही आपल्याकडील उदाहरणे. या केंद्रांची शक्ती शंभर वॅटपर्यंतची, म्हणजे पंचक्रोशीस पुरेल इतकी. किमान निम्मे कार्यक्रम तेथील लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असे सरकारी मार्गदर्शक सूत्रच आहे.

शेजारच्या तेलंगणातील माचनूर गावी 15 ऑक्टोबर 2008 रोजी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रिया चालवितात. बियाणे, पिके, आजारपणावरचे घरगुती उपाय, सणावारांची गाणी, असे त्याचे विषय. ते ऐकून कोणत्या शेतकऱ्याचा तोटा झाला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आणि ‘आपले’पणाचेच म्हणाल, तर आकाशवाणीची ओळखधून आठवा. पहाटे ती सुरू झाली की आजोबा उठत, चूल पेटे, गोठ्यात हालचाल सुरू होई. त्या धुनेइतका आपला वाटणारा दुसरा ध्वनी आमच्या पिढीस क्वचितच असेल. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने बांधली. हा गृहस्थ युरोपातून 1934 साली मुंबईस आला आणि तेथे नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. मुलांस आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी ‘आपल्या समाजाचा’ हे दोन शब्द स्वतःहून खोडले व तेथे पंचक्रोशीतील पाच वस्त्यांची नावे घातली. शब्द वाढले, पण वाक्यात माणसे आली.

यानंतरचा प्रसंग अधिक कसोटीचा होता. त्या पाचपैकी एका वस्तीवर, ओढ्यापलीकडे, मुले श्रोत्यांचे आवाज मुद्रित करण्यास गेली. तेथे भाजी विकणाऱ्या एका वृद्ध बाईने सांगितले, “रेडिओ लावती की मी, सकाळच्याला. पन नळाला पानी कवा येनार, ते काय त्यो सांगत न्हाई.” संध्याकाळी संकलनास बसल्यावर एका हुशार मुलाने ‘सकाळच्याला’पर्यंतचा भाग ठेवला व पुढचा कापून टाकला. काप इतका सफाईदार होता की कानास कळू नये. त्याचा युक्तिवाद असा, की झलक केंद्राच्या गौरवासाठी आहे, तक्रारीसाठी नाही. दुसऱ्याची सूचना अशी, की बाईंचे बोलणे अशुद्ध आहे, तेव्हा तेच वाक्य कॉलेजातील मुलीकडून शुद्ध भाषेत म्हणवून घ्यावे.

पस्तीस वर्षे आम्ही प्रमाण मराठी शिकविली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाई सांडली. कागदावर ती शिस्त आम्हांस आजही हवी आहे. परंतु त्या बाई कागदावर बोलत नव्हत्या, त्यांच्या तोंडाने बोलत होत्या. आणि सरकारी सूत्रातही बोलीस पहिला मान दिलेला आहे. कापाविषयी आम्ही मुलांस एवढेच विचारले, की ही झलक वाजेल तेव्हा त्या बाई स्वतः ऐकतील की नाही? त्या रोज सकाळी ऐकतात, हे त्यांनीच सांगितले आहे. आपले अर्धे वाक्य कानांवर आल्यावर त्यांस काय वाटेल? खोकला कापावा, अडखळणे कापावे, ‘म्हणजे, म्हणजे’ कापावे. त्याने बोलणाऱ्याचे बोलणे अधिक उजळ होते. परंतु ‘पन’पासून पुढे कापले की बोलणारी तीच राहते आणि बोलणे आपले होते. ज्या यंत्रात हे इतके सोपे आहे ते मुलांच्या हाती देताना ही गोष्ट शिकविली नाही, तर ते न दिलेले बरे.

मुलांनी बाईंचे वाक्य संपूर्ण ठेवले. झलक अडतीस सेकंदांची झाली, केंद्रास तीसच हवी होती. तेव्हा त्यांनी तीन रविवार खपून जमविलेले घुंगरांचे संगीत काढून टाकले. घुंगरे गोळा करणाऱ्या मुलाचे तोंड त्या दिवशी उतरले होते, हेही सांगितले पाहिजे. केंद्राच्या लोकांनी ती झलक स्वीकारली. स्वतःच्या बातम्या देण्याची अशा केंद्रांस मुभा नाही, परंतु पाणी, वीज, हवामान यांच्या सूचना देता येतात. त्याप्रमाणे नळाच्या पाण्याच्या वेळा ते आता सकाळी सांगतात. पाणी त्या वेळेस येतेच असे मात्र नाही.

आता स्वतंत्र केंद्राच्या सूचनेविषयी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. परवाना मिळाला तरी प्रक्षेपक, मनोरा, वीज आणि पगारी माणसे यांसाठी दरवर्षी मोठी रक्कम उभी करावी लागेल, आणि शिष्यवृत्तीसाठी आपण घरोघर झोळी फिरवितो हे सर्वांस ठाऊक आहे. याहून महत्त्वाचे असे, की लहरी मनोऱ्यावरून निघाल्या की चहूकडे जातात. त्या आपल्या घरांपुरत्या थांबविता येत नाहीत. अशा केंद्रावरून केवळ आपल्या वधूवरांची माहिती आणि आपल्याच सत्कारांची वृत्ते ऐकविली, तर शेजारी ऐकतील ते काय? ज्ञातीची म्हणून जी माहिती आहे तिच्यासाठी ही स्मरणिका पुरेशी आहे. आमचे स्पष्ट मत असे, की ती सूचना मंडळाने मागे ठेवावी आणि जे केंद्र जवळच चालू आहे त्यास आपली मुले द्यावीत. ‘वसतिगृहाचा पैसा दुसऱ्यांच्या केंद्रावर का?’ असा प्रश्न एका सभासदांनी केला होता. ते केंद्र दुसऱ्यांचे कसे, हे त्यांनी त्या लहान मुलीस विचारावे.

मंडळाकडे मागणे फार नाही. संगणक जुना चालेल. कोणाच्या कार्यालयात बदललेला पडून असेल तर तो वसतिगृहात पाठवावा. ध्वनिक्षेपक मात्र नवे हवेत, दोन, तारांसह. ज्यांच्या घरी जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजी, बारा बलुतेदारांच्या कामांची जुनी नावे जाणणारे आजोबा आहेत, त्यांनी त्यांस एकदा कोठारात आणून बसवावे. भिंतींसाठी आणखी सहा गोधड्या लागतील. फाटक्या चालतील, धुतलेल्या असाव्यात. मुले रविवारी सकाळी दहा वाजता जमतात. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा येणाऱ्यांनी हातपंखा बरोबर आणावा आणि तो आवाज न करता हलवावा.