चौथा ठराव मागे घ्या



समारोपाला अध्यक्षाने उठावे, सर्वांचे आभार मानावेत, ठराव टाळ्यांच्या गजरात संमत करून घ्यावेत, ही आपल्या संमेलनांची रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. सकाळच्या सत्रात वाचून दाखवलेल्या ठरावांपैकी पहिल्या तिन्हींना माझा पाठिंबा आहे. चौथ्याला मात्र माझा विरोध आहे, आणि तो मी या खुर्चीवरूनच करणार आहे. ‘अठरा वर्षांखालील मुलांना कोणत्याही स्वरूपाचे धार्मिक शिक्षण देण्यास सरकारने कायद्याने बंदी करावी,’ असा तो ठराव आहे. त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

मी चाळीस वर्षे उघड नास्तिक आहे. लग्नात भटजी नव्हता, वडील गेले तेव्हा दहावे-तेरावे केले नाही, आणि त्याची किंमत भावकीत मोजली. तेव्हा ‘अध्यक्ष मवाळ झाले’ असे कुणी म्हणू नये. हा ठराव मला नको आहे तो मी नास्तिक आहे म्हणूनच.

हा ठराव एकदा अमलात येऊन गेलेला आहे. रशियात क्रांतीनंतर १९१८ साली जी पहिली राज्यघटना आली, तिने धर्माच्या आणि धर्मविरोधाच्या अशा दोन्ही प्रचाराची मोकळीक नागरिकांना दिली होती. कागदावर का होईना, पण दोन्ही बाजूंना बोलायची मुभा होती. १९२२ च्या फौजदारी कायद्यात शाळेत मुलांना धर्म शिकवणे हा सक्तीच्या श्रमाच्या शिक्षेचा गुन्हा झाला. १९२९ च्या एप्रिलमध्ये धार्मिक संघटनांचा कायदा आला आणि चर्चने वाचनालय चालवायचे नाही, मुलांसाठी क्रीडांगण काढायचे नाही, सहली न्यायच्या नाहीत, हस्तकलेचे वर्ग घ्यायचे नाहीत, एवढे बारकावे त्यात लिहिले गेले. त्याच वर्षी घटनेतले ते वाक्यही बदलले. धर्मविरोधी प्रचाराचे स्वातंत्र्य राहिले, आणि श्रद्धावंताला उरली ती फक्त उपासना. त्याचा प्रचाराचा हक्क गेला, म्हणजे उत्तर देण्याचा हक्क गेला.

इथे थोडे थांबा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याशी वाद कसला घालणार? आपल्याकडे वादात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नसे. चार्वाकाचे ग्रंथ उरले नाहीत. त्याचे म्हणणे आज आपल्याला कळते ते मुख्यतः त्याच्या विरोधकांनी खोडण्यासाठी मांडून ठेवले म्हणून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाक दर्शनाने केली. आपला आद्य पूर्वज विरोधकाच्या पोथीत जगला, हे नास्तिकांनी तरी विसरू नये.

मॉस्कोतले ख्रिस्त तारणहाराचे महामंदिर ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंग लावून उडवले. त्या जागी पुढे पोहण्याचा तलाव झाला. ‘लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ’ त्या काळात पंचावन्न लाख सभासदांचा दावा करीत होता. मग १९३७ ची जनगणना आली. प्रश्नावलीत धर्माचा प्रश्न होता, आणि तिच्या मसुद्यावर खुद्द स्टालिनने हात फिरवला होता. मोजणी झाली ६ जानेवारीला, जुन्या पंचांगाने नाताळच्या आदल्या दिवशी. ज्या वर्षी रात्री दार वाजले की घरातल्यांचा श्वास थांबायचा, त्या वर्षी सरकारी गणक दारात उभा राहून विचारत होता, ‘तुम्ही देव मानता का?’ सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांनी, सुमारे साडेपाच कोटींनी, ‘हो’ सांगितले.

देव न मानणारा मी त्या साडेपाच कोटींपुढे मान लववतो.

सरकारने ती जनगणनाच रद्द केली. त्यामागे आणखी मोठे कारण होते. दुष्काळाने आणि दडपशाहीने मेलेली माणसे आकड्यांत कमी भरत होती, आणि तो खड्डा दाखवायचा नव्हता. जनगणना खात्याच्या प्रमुखांना गोळ्या घातल्या गेल्या. १९३९ ला पुन्हा मोजणी झाली तेव्हा धर्माचा प्रश्न गाळलेला होता. पण मला छळतो तो दुसराच आकडा. १९३७ च्या मोजणीत चार कोटींहून अधिक लोकांनी ‘आम्ही देव मानत नाही’ असे लिहून दिले. त्यांतले विचार करून नास्तिक झालेले किती आणि नोकरीच्या, मुलाच्या, जिवाच्या भीतीने तसे बोललेले किती? ते कुणालाच सांगता येणार नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या नास्तिक समाजातला एकही माणूस मला खात्रीने ‘आपला’ म्हणता येत नाही, अशी स्थिती त्या राजवटीने करून ठेवली. ‘नाही’ म्हणायची सोय नसेल तिथे ‘हो’ला काही अर्थ राहत नाही. हे देवळाला जितके लागू आहे, तितकेच आपल्यालाही लागू आहे.

अल्बानियात एन्व्हर होज्हाने १९६७ साली मशिदी, चर्च, मठ मिळून दोन हजारांवर धर्मस्थळे बंद केली आणि आपला देश जगातला पहिला निरीश्वरवादी देश असल्याचे जाहीर केले. तिथे एका मुलाला गुपचूप बाप्तिस्मा दिल्याबद्दल एका वृद्ध पाद्र्याला देहदंड झाला. मदर तेरेसाही अल्बानियन वंशाच्या. त्यांची आई तिराना शहरात होती. १९२८ साली घर सोडलेल्या या मुलीला आईची भेट पुन्हा कधीच होऊ दिली नाही, आणि १९७२ साली ती म्हातारी तिथेच वारली. मदर तेरेसांच्या कामावर मी टीका केलेली आहे, पुढेही करीन. पण एका म्हातारीची तिच्या लेकीशी गाठ पडू न देणाऱ्या राजवटीला मी विवेकवादी म्हणणार नाही.

आणि कुणाला वाटत असेल की ती निदान आपल्या बाजूची दडपशाही होती, तर त्याने पुढचे ऐकावे. ते महामंदिर मॉस्कोत पुन्हा उभे राहिले. २०१३ साली त्याच रशियात श्रद्धावंतांच्या भावना दुखावणे हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला. स्ताव्रोपोल शहरात एका माणसाने ऑनलाइन वादात ‘देव नाही’ असे लिहिले. त्याच्यावर खटला भरला, मनोरुग्णालयात ठेवून तपासणी केली. पूर्वी अशा रुग्णालयांत देव मानणारे डांबले जात. २०१७ साली त्याच देशाने यहोवाच्या साक्षीदारांवर अतिरेकी म्हणून बंदी घातली. सौदी अरेबियाने २०१४ साली नास्तिक विचाराला दहशतवादाच्या व्याख्येत बसवले. सरकारच्या हाती श्रद्धेची चावी दिली की कुलूप कुणाला लागेल हे चावी देणारा ठरवत नाही.

आता घरचे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माझे व्याख्यान होते. आदल्या संध्याकाळी आयोजकांच्या हाती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची पोलिसांची नोटीस पडली. ‘आपल्या कार्यक्रमामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता असल्याने’ अशी तिची सुरुवात होती. व्याख्यान झाले नाही. दोन महिन्यांनी त्याच तालुक्यातल्या एका पाड्यावर ख्रिस्ती आदिवासींची प्रार्थनासभा थांबवली गेली. त्यांची नोटीस मी पाहिली. नाव आणि तारीख वेगळी होती, बाकी मजकूर शब्दशः माझाच होता. आमच्या नोटिशीचा आम्ही निषेध केला. त्यांच्यासाठी आम्ही एक पत्रकही काढले नाही. ती चूक मी या व्यासपीठावर कबूल करतो.

कारण आपले हक्क आपण एकट्याने मिळवलेले नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणत्याही नागरिकाला सरकार धर्म जाहीर करायला लावू शकत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असे सांगण्याचा त्याला हक्क आहे. आपण सगळे हा निकाल अभिमानाने सांगतो. तो मागायला गेले होते येशूवर श्रद्धा असलेले लोक! आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती किंवा कोणत्याच धर्माचे नाही, अशी राजपत्रात नोंद त्यांना हवी होती. शाळेच्या प्रार्थनेत हात जोडणार नाही म्हणून वर्षानुवर्षे झगडणाऱ्या नाशिकच्या शिक्षकाला २०१३ साली त्याच न्यायालयाने न्याय दिला. २०१४ चा निकाल घटनेच्या पंचविसाव्या कलमावर उभा आहे. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचे, त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य तिथे एकाच वाक्यात आहे. त्या वाक्यातला आपला अर्धा भाग कापून घरी नेता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. साठ दिवस आधी कुणाला अर्ज द्यावा लागला नव्हता. उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्याने आज तो जिल्हा दंडाधिकाऱ्याला द्यावा लागतो. या कायद्याविरुद्ध आपल्या किती संघटनांनी तोंड उघडले? ‘धर्म बदलणाऱ्यांचे ते बघून घेतील’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, धर्म सोडणे हेही धर्म बदलणेच नाही का?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली आला. त्यात देव मानण्यावर एका अक्षराची बंदी नाही. अघोरी कृत्य, फसवणूक, शोषण एवढ्यालाच त्याने हात घातला. शोषण आणि श्रद्धा यांतली ती रेघ आखण्यासाठी त्यांनी आयुष्य घातले, आणि चौथा ठराव तीच रेघ पुसतो. मुलाला मारून, उपाशी ठेवून, शाळेतून काढून कुणी धर्म शिकवत असेल तर त्याला कायद्याने जरूर धरा. पण आजी नातवाला हरिपाठ शिकवते म्हणून तिच्या दारात पोलीस पाठवणार असाल, तर त्या दारात मी आजीच्या बाजूने उभा असेन. नातवाला प्रश्न विचारायला मी शिकवीन. ते माझे काम आहे, फौजदाराचे नाही.

तेव्हा ठराव मांडणाऱ्यांना माझी विनंती आहे, तो मागे घ्या. त्याच्या जागी मी दुसरा मांडतो. १९२७ साली इंग्रजांनी दंडसंहितेत घातलेले आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून राहिलेले धार्मिक भावना दुखावण्याचे कलम रद्द करावे. धर्म स्वीकारण्यासाठी किंवा सोडण्यासाठी कोणत्याही राज्यात सरकारला आगाऊ कळवण्याची सक्ती नसावी. आणि शांततेने भरलेली कोणाचीही प्रार्थनासभा पोलिसांनी बंद पाडली, तर या संमेलनाच्या कार्यकारिणीने आठ दिवसांच्या आत तिथे जाऊन उभे राहावे.

मतदान हात वर करून घेऊ. पहिला हात माझा.