साठवता न येणारं औषध

(अमरावती इथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘इस्लाम आणि विज्ञान’. मी तो बदलून घेतला. या विषयावरची आपल्याकडची भाषणं इब्न सीनापासून सुरू होतात आणि इब्न सीनावरच संपतात. हजार वर्षांपूर्वी आपण काय केलं ते ऐकून टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. मला आज अशा औषधाबद्दल बोलायचं आहे, जे हजार वर्षं सोडा, धड महिनाभरही टिकत नाही. ते आपल्या अमरावती-अकोल्यातल्या माणसांना लागतं आणि ते मिळत राहावं म्हणून एकमेकांशी न पटणाऱ्या देशांनाही आपसात बोलत राहावं लागतं. हे औषध किरणोत्सारी असतं, म्हणजे रेडिओफार्मास्युटिकल.

मी डॉक्टर नाही. माल वेळेवर पोचवण्याचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा. अकोल्याच्या माझ्या मोठ्या खालाला थायरॉइडचा कॅन्सर निघाला, तेव्हा या औषधाचा प्रवास मला समजून घ्यावा लागला.

आधी भीतीचं बोलू. अणू म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं, नाहीतर पोखरण. पण इथे ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी टीएयू-१ हा उडीद पेरला असेल किंवा निदान ऐकला असेल. यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून, किरणांनी बदल घडवलेल्या बियाण्यापासून तयार केलेलं हे वाण १९८५ साली आलं. टीएजी-२४ भुईमूगही त्याच जोडीचा, १९९१ चा. ती डाळ आणि ते शेंगदाणे खाऊन कोणाच्या अंगातून किरणं निघाली नाहीत. म्हणजे अणू वऱ्हाडात कधीचाच येऊन राहिला आहे, आपण त्याला ओळखत नव्हतो एवढंच.

आता खालाच्या औषधाकडे येतो. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते. समोर आलेलं आयोडीन साधं आहे की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. थायरॉइडच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये रोगट पेशींनाही ही ओढ शिल्लक असते. म्हणून ऑपरेशननंतर पेशंटला किरणोत्सारी आयोडीन गिळायला देतात. ते शोधत शोधत त्या पेशींपर्यंत जातं आणि आतून त्यांना मारतं. अशा आयोडीनने थायरॉइडचा उपचार पहिल्यांदा १९४१ मध्ये अमेरिकेत बोस्टनला सॉल हर्ट्‌झ या डॉक्टरांनी केला. तेव्हा तो कॅन्सरसाठी नव्हता, वाढलेल्या थायरॉइडसाठी होता.

या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आहे आठ दिवस. म्हणजे आज शंभर रुपयांचं असेल तर आठ दिवसांनी पन्नासचं, सोळा दिवसांनी पंचविसाचं. फ्रिजमध्ये ठेवा, तिजोरीत ठेवा, ते कमी होणारच. त्यामुळे ते कोणाला साठवता येत नाही, काळ्या बाजारासाठी दाबूनही ठेवता येत नाही. पेशंटची तारीख ठरते, त्या तारखेच्या हिशेबाने डोस मागवला जातो आणि तो निघतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून हे आयोडीन बनतं आणि ‘ब्रिट’ नावाची सरकारी संस्था नवी मुंबईतून ते देशभर पाठवते.

खालाचा डोस असाच तिच्या नावाने आला, आणि खाला गेली नाही.

का नाही गेली? मोहल्ल्यात कुणी तरी सांगितलं की ते औषध घेतलं की बाईच्या अंगातून जन्मभर किरणं निघतात. दुसरं कुणी म्हणालं की नातवंडं जवळ घेता येणार नाहीत. आणि खरं कारण तिसरंच होतं. या औषधाचा मोठा डोस दिला की पेशंटला काही दिवस वेगळ्या खोलीत एकटं ठेवतात, सोबत कुणाला राहू देत नाहीत. ‘आमच्या घरातली बाई परक्या शहरात, बंद खोलीत एकटी राहणार नाही,’ असं घरातल्या पुरुषांनी ठरवलं. बैठक झाली, चहा झाला, निर्णय झाला. खाला आत स्वयंपाकघरात होती. तिला कुणी विचारलंच नाही.

तो डोस दुसऱ्या कोणाला चालला की वाया गेला, ते मला कळलं नाही. खालाला पुढची तारीख मिळायला दीड महिना लागला. त्या वेळी ती स्वतः म्हणाली, ‘मी जाणार.’ सोबत तिची सून गेली आणि बाहेर लॉजवर थांबली. तीन दिवस खोलीत राहून खाला परत आली. आज ती नातवंडांना मांडीवर घेऊन बसते.

खरं काय आहे ते इथल्या आपा आणि खालांसाठी नीट सांगतो. शरीरात जे आयोडीन उरतं त्यातलं बहुतेक लघवीवाटे पहिल्या काही दिवसांतच निघून जातं. म्हणूनच ती वेगळी खोली. घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून अंतर ठेवायचं. नंतर नाही. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला आधी दूध तोडावं लागतं आणि औषधानंतर काही महिने दिवस राहू द्यायचे नसतात. आधीचे एक-दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद असतं. एकत्र कुटुंबात हे सगळ्यात अवघड, कारण सुनेने वेगळ्या मिठाची वेगळी भाजी मागायची कशी? ते मागायला तिच्या नवऱ्याने मदत करावी, एवढंच म्हणतो.

आता हे औषध बनतं त्या जागेकडे वळतो, कारण तिची गोष्टही भांडणांची आणि समजुतीची आहे. ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी अप्सरा १९५६ मध्ये सुरू झाली. तिचं इंधन ब्रिटनने दिलं. दुसरी सायरस, १९६० ची. ती कॅनडाने दिली आणि तिला लागणारं जड पाणी अमेरिकेने. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. मग १९७४ साली पोखरणला स्फोट झाला आणि त्यातलं प्लुटोनियम सायरसमधून आलेलं होतं. कॅनडाने हात काढून घेतला. त्यानंतर आपल्या लोकांनी स्वतः ध्रुव बांधली, ती १९८५ मध्ये सुरू झाली. खालाचं आयोडीन त्या ध्रुवचं. स्वावलंबनाचा अभिमान मलाही आहे. पण एका स्फोटाने सहकार्याची दारं किती वर्षं बंद झाली, हेही त्याच गोष्टीत आहे आणि ते गाळून अभिमान सांगणं मला पटत नाही.

आयोडीन उपचाराला जास्त लागतं. तपासणीसाठी जगात सर्वांत जास्त वापरतात ते टेक्निशियम-९९एम. हाडांचा स्कॅन, हृदयाचा स्कॅन, किडनीचा स्कॅन, बहुतेक ठिकाणी तेच. टेक्निशियम हे माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य. १९३७ मध्ये इटलीत पालेर्मोला एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते सापडलं, आणि सापडलं कशात, तर अमेरिकेतल्या बर्कलेहून लॉरेन्स यांनी पाकिटातून पाठवलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. सेग्रे ज्यू होते. पुढच्याच वर्षी मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांनी त्यांची नोकरी घालवली. ते तेव्हा बर्कलेतच होते, तिथेच राहिले आणि सीबॉर्ग यांच्याबरोबर त्यांनी हे ९९एम शोधून काढलं. इटलीने आपला शास्त्रज्ञ त्याच्या धर्मामुळे गमावला. मी या मुद्द्यावर जास्त बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

टेक्निशियमचं अर्धायुष्य फक्त सहा तास. सकाळी आठला असेल त्याच्या पाव हिस्सा रात्री आठला उरतो. मग ते दवाखान्यात पोचवायचं कसं? त्याची ‘आई’ पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास, आणि त्यातून टेक्निशियम सतत पाझरत राहतं. शिशाच्या डब्यात ती आई ठेवायची आणि रोज सकाळी मिठाचं पाणी सोडून टेक्निशियम काढून घ्यायचं. जगभर या डब्याला लाडाने गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. मी आपला म्हैस म्हणतो, आजकाल तेच बरं.

ही म्हैस आठवड्याभरात साधारण सहाव्या हिश्शावर येते. म्हणजे दर आठवड्याला जगातल्या कुठल्या तरी अणुभट्टीत नवीन माल तयार व्हायलाच हवा. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. मधेच फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्‌समधली पेटनची अणुभट्टीही दुरुस्तीला गेली. जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा या दोघींकडून होता. दवाखान्यांनी तपासण्या पुढे ढकलल्या. तेव्हा पोलंडच्या ‘मारिया’ अणुभट्टीने, जिने हे काम आधी कधी केलं नव्हतं, ते अंगावर घेतलं. बेल्जियम, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका यांनी आपल्या तारखा जुळवून घेतल्या. आजही हे काम करणारे देश आपापल्या अणुभट्ट्यांच्या सुट्ट्या एकमेकांना विचारून ठरवतात, सगळ्या एकाच वेळी बंद राहू नयेत म्हणून. मी रोज वेळापत्रकांचंच काम करतो. मला जगात याहून सभ्य वेळापत्रक माहीत नाही.

आणि उलट उदाहरणही आहे. तेहरानमधली संशोधन अणुभट्टी अमेरिकेनेच १९६७ मध्ये दिलेली. नंतर तिला इंधन दिलं अर्जेंटिनाने. ती कॅन्सरच्या पेशंटांसाठी औषधी समस्थानिकं बनवते. २००९ मध्ये इंधन संपत आलं, इराणने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे मागितलं. बोलणी फिसकटली, कारण समोरच्यांना बॉम्बची शंका. इराणने २०१० च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं युरेनियम स्वतःच बनवायला घेतलं आणि शंका आणखी वाढली. १७ मे २०१० ला ब्राझील आणि तुर्कस्तानने मध्ये पडून एक तोडगा काढला. इराणने १२०० किलो कमी समृद्ध युरेनियम बाहेर द्यावं, बदल्यात १२० किलो इंधन घ्यावं. साधारण तीन आठवड्यांनी सुरक्षा परिषदेने नवे निर्बंध लावले आणि तोडगा तसाच राहिला. यात कोण बरोबर, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर रात्र जाते. शंका खोटी होती असंही मी म्हणणार नाही. पण त्या टपरीवर तेहरानच्या दवाखान्यात स्कॅनची वाट बघत बसलेल्या बाईचं नाव कुणी काढत नाही.

आपल्या शेजारीही बघा. इस्लामाबादजवळ निलोरला पाकिस्तानही याच आजारासाठी हेच आयोडीन बनवतो. आशियातल्या देशांचा अणुविज्ञानातल्या सहकार्याचा १९७२ चा एक करार आहे, त्यात भारत आणि पाकिस्तान दोघेही आहेत. आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, त्यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. हे इथे सांगितलं म्हणून उद्या मला कोणी काही म्हणेलही. ही सरकारी माहिती आहे, दोन्ही सरकारांची.

आता वऱ्हाडाचा हिशेब. मुंबईहून रात्रीच्या गाडीच्या वेळात आयोडीनचा जेमतेम चार टक्के भाग कमी होतो. म्हणजे अंतर ही त्याची अडचण नाही. टेक्निशियमच्या म्हशीचीही नाही. पेट स्कॅनला लागणारं फ्लोरिन-१८ मात्र ११० मिनिटांत निम्मं होतं. नागपूरहून अमरावतीला तीन तासांत आणलं तर तिसरा हिस्सा उरेल, अकोल्याला पाच तासांत आणलं तर सातवा. तेव्हा पेटची मागणी करताना हे गणित समोर ठेवावं लागेल. पण गॅमा कॅमेरा, एक प्रशिक्षित न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर, किरणसुरक्षेचा जबाबदार माणूस आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, एवढं असलं तर साधा स्कॅन विभागातल्या सरकारी दवाखान्यात होऊ शकतो. आपण मोर्चे पुष्कळ काढतो. या मागणीचं एक निवेदन मी लिहून आणलं आहे, बाहेर टेबलावर आहे, वाचून पटलं तर सही करा.

तोवर प्रवास आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत शंभर टक्के सवलत असते आणि सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. आपल्या वस्तीत हे कित्येकांना माहीत नसतं, आणि तिकिटाच्या पैशांवरून तारीख चुकते.

रमजानचंही विचारतात. तारीख रमजानात आली तर पुढे ढकलू नका. आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करायची मुभा कुराणातच, सूरह बकरामध्ये आहे. आयोडीनला ती मुभा नाही, ते त्याच्या वेळेने संपतं.

बाकी प्रश्न आता विचारा. एक प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगून टाकतो: कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं असतं? ज्यांना त्याची अडचण वाटते त्यांनी डॉक्टरांना तारीख घेतानाच सांगावं. हेच आयोडीन पाण्यासारख्या द्रवातही मिळतं, पण डोस मागवण्याआधी सांगावं लागतं.