फॉर्म छापायच्या आधी कुणाला विचारलं?

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल: सार्वजनिक आरोग्याच्या योजनांचं मूल्यमापन. म्हणजे एखादी योजना चालली की नाही, हे कसं ठरवायचं? थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. हा विषय तुमच्या गावातल्या उपकेंद्रापर्यंत येतो.

एका आकड्यापासून सुरुवात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ९०.३ टक्के होतं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ९४.७ टक्के झालं. आकडा खरंच चांगला आहे, कारण घरात अडलेल्या बाईचा जीव कसा जातो हे आपल्या आज्यांना विचारा.

आता हाच आकडा चार जणांपुढे ठेवून बघा. बाळंतीण विचारेल, "गाडी वेळेवर आली का? कुणी पैसे मागितले का? बाळंत झाल्यावर किती दिवस ठेवलं?" हे प्रश्न उगाच नाहीत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं मोफत असायला हवं. आशाताई विचारेल, "रात्री दोन वाजता मी फोन केला, तेव्हा पलीकडे कुणी उचलला का?" प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणतील, "मी पुढे पाठवलेल्या पेशंटचं काय झालं, हे मला कुणी कळवतं का?" आणि जिल्ह्याच्या साहेबांना हवं असतं, की कोणत्या तालुक्यात माणसं कमी पडतायत.

प्रश्न सगळेच बरोबर आहेत, पण फॉर्मवर जागा मोजकी असते. मग कुठले प्रश्न राहणार आणि कुठले कापले जाणार, हे कोण ठरवतं? आजचा एपिसोड एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आमच्याकडे कोड लिहायच्या आधी रिक्वायरमेंट गोळा करतात. ती कुणाकडून गोळा केली, यावर पुढचं सगळं ठरतं. फक्त मॅनेजरला विचारलं, तर मॅनेजरला आवडेल असा डॅशबोर्ड तयार होतो. रोज त्यात माहिती भरणारी व्यक्ती मात्र पहिल्याच आठवड्यात वैतागते. आरोग्याच्या कार्यक्रमात तर वैतागण्यापुरतं थांबत नाही. जो प्रश्न फॉर्ममध्ये नाही, त्याचं उत्तर अहवालात येत नाही. जे अहवालात नाही, त्यासाठी बजेटमध्ये पैसे मागताच येत नाहीत.

हे काही माझं डोकं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये कार्यक्रमांच्या मूल्यमापनाची सहा पायऱ्यांची चौकट दिली. त्यातली पहिलीच पायरी होती, संबंधित लोकांना सोबत घ्या. पुरावा गोळा करणं थेट चौथ्या पायरीवर! संबंधित म्हणजे तीन गट: कार्यक्रम चालवणारे, ज्यांच्यासाठी तो चालतो ते, आणि निष्कर्ष हातात घेऊन निर्णय घेणारे. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिला आणि तिसरा गट एसी हॉलमध्ये बसतो. दुसरा गट थेट सर्वेक्षणाच्या दिवशी दारात भेटतो, तोही "हो की नाही, तेवढंच सांगा" असं म्हणत.

दुसऱ्या गटाचं आधी ऐकलं तर काय होतं? गडचिरोलीला चला. त्या काळात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, असंच सरकारी हिशेबाचं गणित होतं. डॉ. राणी बंग आणि 'सर्च'मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. ही दुखणी काही त्या वर्षी उगवली नव्हती. बायका ती अंगावर काढत होत्या. फक्त कुठल्याच रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

आता हे एका अभ्यासापुरतं न राहता सरकारी व्यवस्थेत बसवता येतं का? महाराष्ट्रात ते करून बघितलंय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. देशात नऊ राज्यांत हा प्रयोग झाला. आपल्याकडे पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, ठाणे, पुणे आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. राज्य पातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. गावापासून राज्यापर्यंत समित्या, आणि त्यात अधिकारी, लोकप्रतिनिधी, संस्था आणि गावकरी एकत्र. गावात बसून लोक आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचे. नर्सबाई गावात येतात का, लसीकरण होतं का, केंद्रात औषध मिळतं का? प्रत्येक सेवेला रंग: हिरवा, पिवळा किंवा लाल. वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतोच की!

पुढची पायरी जनसुनवाईची. लाल रंगाची कार्डं घेऊन लोक समोर बसायचे आणि अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागायचं. बाहेरून आणायला लावलेली औषधं, मोफत सेवेसाठी घेतलेले पैसे, असले विषय तिथे उघड बोलले गेले. नीट बघितलंत, तर अहवालाचं पुढे काय करायचं, हे अहवाल लिहायच्या आधीच ठरलेलं होतं. म्हणून तो कपाटात गेला नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, "अरे, ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांनाच पेपर काढायला बसवलं, तर ते सोपाच पेपर काढणार ना?" शंका रास्त आहे. म्हणून दोन कामं वेगळी ठेवायची. काय विचारायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पण माहिती गोळा करणं आणि मार्क देणं, हे ज्याची नोकरी त्या निकालावर अवलंबून आहे त्याच्या हातात द्यायचं नाही. लोकांना बोलावलं म्हणून पुरावा ढिला होत नाही. उलट, आशाताईच सांगते की अमुक रजिस्टर महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलं जातं, त्यावर फार भरवसा ठेवू नका. हे तुम्हाला कुठलं सॉफ्टवेअर सांगणार?

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. एका सतरंजीवर सगळ्यांना बसवलं, म्हणजे सगळे बोलतात असं नाही. डॉक्टरांसमोर आशाताई गप्प. सासूसमोर सून गप्प. सरपंचांसमोर वस्तीवरचे लोक गप्प. मग वेगवेगळ्या बैठका घ्याव्या लागतात. आधी बायकांची वेगळी, आशांची वेगळी, आणि मग सगळ्यांची एकत्र. पेरणीच्या दिवसांत बैठक ठेवायची नाही. दिवसभर बसवणार असाल, तर बुडालेल्या मजुरीचा विचार करायचा. आणि शेवटी सगळ्यांचे प्रश्न घेता येणार नाहीत, तेव्हा कुठला प्रश्न का गळला, हे परत जाऊन सांगायचं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते. एकदा टाळली की पुढच्या बैठकीला कोण येणार?

माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक उदाहरण. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं. तक्रारी काय होत्या? फोन कमी क्षमतेचे, सारखे बिघडणारे. आणि 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. यातला कुठला मुद्दा शोधायला मोठा अभ्यास लागला असता? दोन-चार अंगणवाड्यांत एकेक दुपार बसलं असतं, तरी यादी तयार झाली असती. कुपोषणाची सगळी माहिती ज्या बोटांमधून वर जाते, त्या बोटांना कीबोर्ड कुठला हवा, हे विचारणं हाही मूल्यमापनाच्या नियोजनाचाच भाग आहे.

तर तुम्ही काय करू शकता? गावाकडे घर असेल, तर तिथे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. तिच्यात कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, एवढं विचारा. आरोग्यावरच्या एखाद्या प्रोजेक्टवर काम करत असाल, तर पहिल्या स्क्रीनचं डिझाइन करायच्या आधी तीन नावं लिहा: हे ॲप कोण भरणार, ते कुणाबद्दल भरलं जाणार, आणि बघून निर्णय कोण घेणार. मधल्या नावाच्या माणसाशी अजून कुणी बोललेलं नसेल, तर डेडलाइन दोन आठवडे पुढे ढकलून घ्या. मॅनेजर कुरकुर करेल, करू दे.

आणि तुमच्या घरी कुणी आशा, अंगणवाडी सेविका किंवा नर्स असेल, तर आज जेवताना त्यांना एक प्रश्न विचारा: "तुमच्या कामात असं काय आहे, जे कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही?" उत्तर मिळालं की मला व्हॉइस नोट पाठवा. त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन. चला, भेटू. काळजी घ्या!